एसी केबिनमधून, सप्रेम

सॅम्पलिंग पंपाची, म्हणजे कामगाराच्या पट्ट्याला लावून हवेतली धूळ फिल्टरवर ओढणाऱ्या छोट्या पंपाची, बॅटरी पूर्ण शिफ्ट कशी टिकवावी, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची (नाव दिलेलं नाही, असो) प्रतिक्रिया आली: "महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवा, हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. लिथियमला त्याची गरज नाही, उलट त्रासच होतो. पंप बंद पडतो तो बऱ्याचदा बॅकप्रेशरमुळे, म्हणजे फिल्टर हवा अडवतो त्यामुळे. साठवताना चार्ज अर्धा ठेवावा, हेही लेखात नाही. लेख एसी केबिनमध्ये बसून लिहिलेला दिसतो."

अर्ध्या चार्जचं राहून गेलं, मान्य. पंप महिनाभर पडून राहणार असेल तर लिथियम बॅटरी 40 ते 60 टक्क्यांवर आणून थंड जागी ठेवावी. लेखात तसं घातलं आहे. झालं समाधान?

आता ती एसी केबिन. आमच्या प्रयोगशाळेत एसी आहे, पण तो फिल्टर तोलायच्या काट्यासाठी. माझं टेबल बाहेर, जिन्याखाली.

2006च्या मे महिन्यात मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत फेटलिंग विभागात, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथे, उभा होतो. एका मामांच्या पट्ट्याला पंप, कॉलरपाशी सायक्लोन (जाड धूळ वेगळी काढणारा) आणि 37 मिलिमीटरची कॅसेट (फिल्टरची डबी), फ्लो मिनिटाला 1.7 लिटर. आठ तासांत 816 लिटर हवा ओढायची होती. पाचव्या तासाला मामाच म्हणाले, "साहेब, ह्येची घरघर थांबली बघा." 510 लिटरवर खेळ खलास. नायॉश या अमेरिकी संस्थेच्या सिलिका मोजायच्या 7500 क्रमांकाच्या पद्धतीला 400 लिटरही चालतात, हे कुणीतरी सांगेलच. पण त्या दिवशी खरं ग्राइंडिंग जेवणानंतर होतं. सगळ्यात जास्त सिलिका (फुफ्फुसाला घातक वाळूची बारीक धूळ) उडाली ती आमच्या नमुन्यात आलीच नाही. मामांना दुसऱ्या दिवशी परत तो पट्टा बांधायला लावला, तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. तुम्ही पाहिलाय?

तेव्हापासून पंप पूर्ण उतरवूनच चार्जिंगला लावायची सवय लागली. ती बॅटरी निकेल-कॅडमियमचीच होती, हे तुम्ही म्हणालच. कॅसेट उघडली तेव्हा फिल्टर काळाकुट्ट झाला होता, हेही खरं. म्हणून काय मी केबिनमध्ये बसलो होतो?

'दिसतो' म्हणे! कुठून दिसलं? आमच्या वेळी ज्येष्ठांना शंका विचारत, शेरे मारत नसत. "सर, हे लिथियमलाही लागू आहे का?" एवढं विचारलं असतं तर "लिथियमसाठी नाही" असं एका ओळीत सांगितलं असतं. लेखात बॅटरीचा प्रकार लिहायला हवा होता, तेवढं घ्या पदरात. पण माणूस चूक दाखवतोय की माणसालाच दाखवतोय, हे कळतं हो.

बॅकप्रेशरचं म्हणाल तर 0.8 मायक्रॉनच्या बारीक छिद्रांच्या एमसीई (सेल्युलोज एस्टरच्या) फिल्टरमागे पंपाला 5 मायक्रॉनच्या पीव्हीसी फिल्टरपेक्षा जास्त जोर लावावा लागतो, आणि धूळ साचली की आणखी. तेवढी बॅटरी लवकर उतरते. हे आम्हाला शिकवायची गरज नाही. तो वेगळा विषय आहे, सवडीने लिहीन.

उद्या सकाळी सातची शिफ्ट आहे. पाचही पंप चार्जिंगला लावलेत. त्यातले दोन जुने, ते आधी पूर्ण उतरवले. तिसराही उतरवला, सवयीने.