पडायचं तंत्र तरी सोडू नका

पन्नाशीनंतर कराटे-ज्युदो बंद करून नुसतं चालावं, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. बदलायचं ते सरावाचं स्वरूप. वयानुसार झटकन आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी झिजतात, स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरांना सावरायला वेळ लागतो. म्हणून उंच लाथा आणि जोरदार स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) कमी करा, वॉर्मअप वाढवा. पण ज्युदोतलं उकेमी, म्हणजे हनुवटी छातीशी घेऊन डोकं वाचवत पडणं, उतारवयातच खरं कामी येतं! (हाडं ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना जरूर विचारा.) ज्युदो शिक्षिका केइको फुकुदांना २०११ मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी, अमेरिकेच्या ज्युदो संघटनेनं दहावी डॅन, म्हणजे ज्युदोतली सर्वोच्च श्रेणी, दिली. तेव्हाही त्या शिकवतच होत्या.