जमिनीवर पाय न ठेवता विकास आराखडा कसा करावा

एखाद्या शहराचा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, मग आपण नगररचना खात्यातील अधिकारी असा, महापालिकेने नेमलेले सल्लागार असा किंवा त्या सल्लागाराने कंत्राटावर घेतलेले नवे पदवीधर असा, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. पूर्वी या कामासाठी माणसे मोजणीची साखळी आणि नकाशा काढायचे टेबल घेऊन उन्हातान्हात शिवार तुडवत असत, गावकऱ्यांना विचारत असत आणि संध्याकाळी चावडीवर बसून टिपणे लिहीत असत. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जमिनीची माहिती संगणकावर नकाशांच्या थरांत मांडणारे, सर्वांच्या तोंडी असलेले जीआयएस, आल्यापासून हे कष्ट उरलेले नाहीत. आमच्या भागाचा प्रारूप आराखडा नुकताच प्रसिद्ध झाला आणि त्यावरील सुनावणीलाही मी जाऊन आलो. तेथे जे शिकायला मिळाले ते आपल्यासारख्यांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने या चार सूचना लिहीत आहे.

उपग्रहचित्र मे महिन्याचे घ्यावे. आकाशात ढग नसतात हे कारण कागदावर लिहावे. ओढे कोरडे असतात हा फायदा मनात ठेवावा.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 25 नुसार प्रस्ताव मांडण्यापूर्वी विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण करून त्याचा नकाशा तयार करावा लागतो. सर्वेक्षण म्हणजे पायी फिरणे, असा जुनाट अर्थ कोणी लावू लागला तर त्याकडे दुर्लक्ष करावे. उपग्रहाला छप्पर दिसते. त्याखाली तळमजल्यावर पिठाची गिरणी, पहिल्या मजल्यावर दवाखाना, त्यावर शिकवणीचे वर्ग आणि सर्वांत वर दोन बिऱ्हाडे आहेत, हे उपग्रहाला दिसत नाही, तेव्हा आपल्यालाही ते दिसण्याचे कारण नाही. छप्पर दिसले की पिवळा रंग भरावा, म्हणजे रहिवास झाला. पत्र्याचे लांबलचक छप्पर दिसले की जांभळा, म्हणजे उद्योग. ते मंगल कार्यालय निघाले तर हरकत येईलच. हरकती आणि सूचना मागवण्याची तरतूद कायद्यात बहुधा त्यासाठीच केलेली असावी, की आपले अर्धवट सर्वेक्षण नागरिकांनी रजा टाकून आणि स्वखर्चाने पूर्ण करून द्यावे.

या पद्धतीला चांगली परंपराही आहे. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या आराखड्यासाठी केलेल्या विद्यमान वापराच्या नकाशांतील चुका वस्त्यावस्त्यांतील लोकांनी आधीच दाखवून दिल्या होत्या, तरीही फेब्रुवारी 2015 मध्ये प्रारूप प्रसिद्ध झाले आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना ते रद्द करून दुरुस्तीचे आदेश द्यावे लागले. सुधारित प्रारूप 2016 मध्ये आले आणि मंजुरी मिळाली 2018 मध्ये. पुणे महानगर प्रदेशाच्या आराखड्याचे तर प्रारूप 2021 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2025 मध्ये तो सगळा आराखडाच गुंडाळण्यात आला. या दोन्ही प्रकरणांतून आपण घ्यावयाचा बोध एवढाच, की आपले देयक वेळेत काढून घ्यावे.

मोकळा भूखंड दिसला की त्यावर उद्यान, शाळा अशा एखाद्या सार्वजनिक कामाचे आरक्षण टाकावे. मालक कोण आहे याची चौकशी मात्र त्याआधी करावी.

गाव नकाशा उपग्रहचित्रावर बसवताना गणित करू नये. जुन्या गाव नकाशांपैकी पुष्कळसे मैलाला आठ इंच या मापाने, म्हणजे 1:7920 प्रमाणात काढलेले आहेत, आणि त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ प्रत्यक्ष जमिनीवर जवळजवळ 4 मीटर रुंद होते. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, बाजू साधारण 10 मीटर. म्हणजे गरिबाने आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या गुंठ्याच्या रुंदीपैकी चार मीटर नुसत्या रेघेच्या जाडीतच मुरतात. त्यात मूळ कागद आकसलेला, घडीवर विरलेला आणि स्कॅन करताना तिरका बसलेला. तो चित्रावर नीट बसेना तर चारी बाजूंनी ताणावा. या ताणण्याला रबर-शीटिंग असे भारदस्त नाव आहे, त्यामुळे कोणी शंका घेत नाही. जुळवणीसाठी शिवेचे दगड शोधायला माणूस पाठवू नये; रस्त्याचे एखादे वळण आणि विहिरीसारखा दिसणारा एखादा ठिपका पुरतो. केंद्राच्या अमृत योजनेत 500 शहरांसाठी जीआयएसवर आधारित आराखड्यांचा जो उपक्रम आहे, त्यात नकाशे 1:4000 प्रमाणात मागितले आहेत. 1:7920 चा नकाशा 1:4000 चा करायला कोपऱ्यातला आकडा बदलला की झाले. एकदा नकाशा संगणकात गेला की तो हवा तेवढा झूम करता येतो, आणि जे झूम करता येते ते अचूकच असते, अशी श्रद्धा सुनावणीच्या दालनात मला सर्वत्र आढळली.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, ओढा नाहीसा कसा करावा याविषयी. गाव नकाशात ओढा दोन वाकड्या रेघांनी दाखवलेला असतो आणि त्याला बहुधा स्वतःचा गट क्रमांक नसतो. कोठे तो दोन गटांच्या मधून जातो, तर कोठे एखाद्या गटाच्या पोटात शिरून सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, म्हणून नोंदला जातो. आपण क्रमांक असलेले गट तेवढे संगणकावर उतरवून घ्यावेत. मग त्या गटांच्या मधोमध एक लांब, अरुंद, नागमोडी फट उरते. सॉफ्टवेअर तिला चूक समजून लाल रंगात दाखवते आणि ती दुरुस्त करण्याची सोयही देते. ती सोय वापरावी. फट मिटते, दोन्हीकडचे गट एकमेकांना भिडतात आणि ओढा संपतो. ना पोकलेन लागले, ना रात्रीचे डंपर, ना राडारोडा. ज्या कामासाठी बिल्डरला वर्षानुवर्षे गुपचूप भराव टाकत बसावे लागते, ते आपण वातानुकूलित खोलीत चहा निवण्याच्या आत उरकलेले असते.

आमच्या सोसायटीच्या मागचा ओढा बहुधा असाच गेला. त्याच्या जागेवर आता 18 मीटरचा रस्ता आहे आणि पलीकडे रहिवास विभाग आहे. मी हरकत घेतली. भूमी अभिलेख कार्यालयातून काढलेली गाव नकाशाची नक्कल जोडली, आणि गेल्या पावसाळ्यातील छायाचित्रेही जोडली, ज्यांत संरक्षक भिंतीच्या निम्म्यापर्यंत चढलेले गढूळ पाणी आणि त्यावर आडवी होऊन तरंगणारी आमची कचऱ्याची दोन पिंपे स्वच्छ दिसतात. सुनावणीत माझा क्रमांक पुकारला गेला. पडद्यावर नकाशा उघडला होता. लॅपटॉपवर बसलेल्या तरुणाने आमचा भाग मोठा केला, जेथे पाणी वाहते नेमका तेथेच माऊसचा बाण नेऊन ठेवला आणि साहेबांना सांगितले, "सर, सिस्टीममध्ये इथे ओढा नाहीये." साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मग काका, तुमची हरकत नेमकी कशावर आहे?" मी छायाचित्रे पुढे केली, तर ती जिओटॅग केलेली, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेली, नसल्यामुळे कोठली आहेत ते सांगता येत नाही, असे कळले. मी म्हटले, दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, चला, दाखवतो. त्यावर दालनात जे हसू उमटले ते अगदी सौजन्याचे होते. पुढचा क्रमांक पुकारला गेला.

आणि राग येतो तो याचा, की ज्या सॉफ्टवेअरचा हवाला देऊन मला बाहेर काढले, त्याच सॉफ्टवेअरला जमिनीच्या उंचीची माहिती दिली, जी इंटरनेटवर फुकट मिळते, तर कोणत्या उतारावरचे पाणी कोणत्या रेषेने खाली येईल हे ते स्वतःच काढून देते. त्या रेषा गावाच्या नकाशावर टाकल्या की हरवलेला ओढा ठळक दिसतो. एका दुपारचे काम आहे. एकावर एक थर, म्हणजे लेयर, ठेवून पाहता यावेत यासाठीच तर हे तंत्र आहे! जमिनीची मालकी, उतार, पाणी, झाडे, रस्ते, वस्ती हे सगळे एकाच जागी आणून त्यांची टक्कर कोठे होते ते आधीच पाहावे, म्हणून लोकांच्या करातून परवाने आणि यंत्रे विकत घेतली जातात, आणि आपण त्यांचा उपयोग काय करतो, तर रंग भरण्यासाठी. जलसंपदा विभाग पूररेषा आखतो, 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल, पण त्या नद्यांच्या. लहान ओढ्यांच्या वाट्याला त्या क्वचितच येतात. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, सीमाभिंती कोसळल्या, माणसे गेली. त्या रात्री ओढ्याने कोणाचा लेयर चालू आहे आणि कोणाचा बंद, हे विचारले नव्हते.

असो. सूचना राहून जातील.

आरक्षणे सढळ हाताने टाकावीत. 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम 127 खाली नोटीस देईल, पुढच्या 24 महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप जाईल, आणि तोवर नकाशात हिरवा रंग छान दिसेल.

प्रसिद्धी देताना विशेष काळजी घ्यावी. सगळा आराखडा आपल्याकडे लेयरमध्ये असतो, प्रत्येक भूखंडावर क्लिक केले की गट क्रमांक, क्षेत्र आणि प्रस्तावित वापर समोर येतो. लोकांना मात्र तो छापून, पुन्हा स्कॅन करून, पीडीएफच्या स्वरूपात द्यावा, म्हणजे गट क्रमांकाच्या जागी करडा ठिपका दिसेल आणि उद्यान व हरित पट्टा यांच्या दोन हिरव्या छटांतला फरक कोणाला कळणार नाही. कोणी शेपफाइल, म्हणजे त्या लेयरची मूळ संगणकीय फाइल, मागितलीच तर ती गोपनीय आहे असे सांगावे. ज्या आराखड्यावर जनतेच्या हरकती मागवल्या आहेत तो जनतेपासून गोपनीय कसा, असे विचारणारे थोडे असतात आणि त्यांना माहिती अधिकाराचा अर्ज करायला सांगता येते, तोपर्यंत मुदत संपते.

चूक फारच अंगाशी आली तर "मंजुरीनंतर कलम 37 खाली फेरबदल करू" असे म्हणावे.

आता उपरोध बाजूला ठेवून बोलतो, कारण तो समजण्याइतका वेळ कोणी देईल असे वाटत नाही. तुम्ही ज्याला अचूकता म्हणता ती पडद्याची अचूकता आहे. आत जे भरले तेच बाहेर दिसते, आणि आत काय भरले हे तपासायला तुमच्यापैकी एकही माणूस आमच्या गल्लीत आलेला नाही. जीआयएसला माझा विरोध नाही. नीट वापरले तर हातातल्या फोनवर नकाशा घेऊन एक सर्वेक्षक आठवडाभरात आख्ख्या प्रभागाची खातरजमा करू शकतो, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तुम्ही केले नाही, कारण न करता भागते. गटांच्या मधल्या ज्या फटी मिटवल्या त्यांची यादी तुमच्याकडे असायला हवी. ती काढा आणि प्रत्येक फटीशी माणूस पाठवा. मूळ लेयर संकेतस्थळावर टाका, रंगीत चित्रे नकोत. "सिस्टीममध्ये नाही" हे उत्तर नागरिकाला देणे बंद करा, कारण कायद्याने नियोजनाचे काम सिस्टीमला दिलेले नाही, तुम्हाला दिले आहे, पगारही तुम्हीच घेता, आणि उद्या त्या 18 मीटरच्या रस्त्यावर कोणाच्या घरात पाणी शिरले तर त्या नकाशावर सही तुमचीच असणार आहे.