सरांचा बंगला

दहावीला ज्यांनी मला भूमिती शिकवली, त्यांच्याच बंगल्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाकीच्या मालकांना "याचे जादा लागतील हं" असं सांगता येतं. सरांसमोर मात्र आजही हाताची घडी आपोआप होते.

प्लॉट 30 बाय 40, म्हणजे 1200 चौरस फूट. सरांनी मागण्या फुलस्केपवर, समास सोडून लिहून आणलेल्या. हॉल, तीन बेडरूम, मुलीच्या बाळंतपणाला वेगळी खोली (मुलगी तेव्हा अकरावीत), पुढे गाडी, मागे कढीपत्ता. बेरीज केली तर तळमजलाच 1450 भरला, तोही चारी बाजूंनी जागा सोडायच्या आधी.

"सर, भाग पूर्णापेक्षा लहान असतो. तुम्हीच शिकवलंत."

"ते परीक्षेपुरतं. तू बसव."

दोन मजल्यांत बसवलं. नकाशावर मालकाची सही झाल्याशिवाय कुदळ मारायची नाही, हा माझा नेम. सरांनी नकाशा चार दिवस ठेवून घेतला आणि लाल पेनाने तपासून परत दिला. 'स्वयंपाक घर' जोडून घेतलं होतं, 'बाथरुम'चा रु दीर्घ केला होता. खाली झोकदार सही. मी निर्धास्त.

वरच्या बाथरूमचा स्लॅब पाइपांसाठी नऊ इंच खाली घेऊन ओतला, पाणीही मारून झालं, आणि सरांचे मेहुणे होकायंत्र घेऊन साइटवर आले. संडास ईशान्येला! मेहुणे ही जात स्लॅबखाली सेंटरिंगच्या फळ्या लागलेल्या असताना कधी येत नाही, स्लॅब वाळल्यावरच येते.

"सर, पण तुमची सही आहे."

"मी शुद्धलेखनावर केली होती."

आता ईशान्येच्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरून वर देवघर केलंय. संडास सरकवला तिकडे स्लॅब सपाट, पाइप जायला जागा नाही, म्हणून फरशी उचलावी लागली. परिणामी त्या घरात देवाला सपाटीवरून जाता येतं आणि संडासला दोन पायऱ्या चढून.

पायऱ्यांवरून आठवलं. मेहुण्यांचा दुसरा फतवा, जिन्याच्या पायऱ्या विषम हव्यात. मजल्याची उंची साडेदहा फूट, एकेक चढ, म्हणजे पायरीची उभी उंची, सात इंचाचा, म्हणजे 18 चढ. एकोणीस करावे तर जिना थेट हॉलच्या दारात उतरतो. रात्रभर विचार करून सकाळी सरांना म्हटलं, "चढ अठरा, पण शेवटचा चढ चढलं की आपण स्लॅबवरच असतो. ती पायरी नव्हेच. पायऱ्या सतरा."

सरांनी चष्मा काढला. बोटांवर काहीतरी मोजलं. "शाळेत असताना हे डोकं कुठे होतं रे?" म्हणाले. पंचवीस वर्षांनी मिळालेली शाबासकी! माझा ऊर भरून आला.

तेवढ्यात काकू चहाचा थर्मास घेऊन जिना चढत होत्या. तोंडाने मोजत. वर पोचल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अहो, अठरा!"