बॅटरी असेल

परवा माझी गाडी भर चौकात, नेमका सिग्नल हिरवा होण्याच्या क्षणी बंद पडली. गाडी जुनी आहे, वापरलेली घेतलेली आहे आणि अधूनमधून बंद पडते. एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे. बंद पडण्याचे दुःख मी आता करीत नाही. मला अजून खुपते आहे ते त्यानंतर अर्धा तास माझ्या गाडीशी उभ्या राहिलेल्या एका गृहस्थांचे वागणे, आणि त्याहून अधिक त्यांच्या बाजूने लागलेला निकाल.

दुखण्याविषयी थोडे सांगावे लागेल. थंड असताना ही गाडी पहिल्या चावीला सुरू होते. चांगली तापून मग जराशी उभी राहिली की रुसते. स्टार्टर दमदार फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. अशा वेळी जाणकारांचा संशय क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्याच्या, सेन्सरवर जातो. क्रँक फिरताना नेमका कोठे आहे हे या सेन्सरने कळवल्याशिवाय गाडीतल्या संगणकाला ठिणगी केव्हा पाडायची आणि पेट्रोल केव्हा सोडायचे हे समजत नाही, आणि मग तो दोन्ही गोष्टी करीत नाही. सेन्सरच्या पोटातील बारीक तारेचे वेटोळे म्हातारे झाले की थंडपणी जुळलेले राहते आणि तापल्यावर कोठेतरी सुटते. गाडी उभी राहिली की समोरून येणारा वारा थांबतो, इंजिनाची धग बॉनेटखाली कोंडते, आणि हा सेन्सर हवालदिल होतो. हे सर्व मला तोंडपाठ आहे, कारण जुनी गाडी बाळगणारा मनुष्य रात्री झोपण्यापूर्वी दुसरे काही वाचीत नाही.

गृहस्थ पायी आले. आकाश निरभ्र होते आणि त्यांच्या हातात छत्री होती. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजत असताना ते सावकाश माझ्या खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "बंद पडली?"

"हो."

"बॅटरी असेल."

मी अत्यंत सौजन्याने त्यांना सांगितले की, बॅटरी ठीक आहे, स्टार्टर जोरात फिरतो आहे, बॅटरी उतरली असती तर नुसता टकटक आवाज आला असता. त्यांनी माझे बोलणे अर्ध्यात न तोडता ऐकून घेतले, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "तेच म्हणतोय मी. बॅटरी."

त्यानंतर उलटतपासणी सुरू झाली.

"गाडी तुमचीच?"

"हो."

"नवी घेतलेली?"

"नाही, वापरलेली."

"मग आधीच्याने का विकली?"

हा प्रश्न भर चौकात, पाठीमागे हॉर्नचा गजर चालू असताना विचारण्याचा नव्हे. आधीच्या मालकाने गाडी विकताना "फारशी चाललेलीच नाही हो" असे मोठ्या अभिमानाने सांगितले होते. ते खरेही होते. पण न चाललेली गाडी तरुण राहते, ही समजूत कोणी पसरवली ते एकदा शोधून काढायला हवे. रबराचे पाइप उभ्याउभ्याही कडक होतात, तारांवरचे वेष्टन उभ्याउभ्याही तडकते, प्लॅस्टिकचे कनेक्टर इतके ठिसूळ होतात की मेकॅनिकने बोट लावताच त्यांची खीळ तुटून त्याच्या हातात येते आणि तो ती आपल्याला अशा नजरेने दाखवतो की जणू आपणच ती आदल्या रात्री चावली होती. यंत्रांच्या विश्वासार्हतेचा अभ्यास करणारे अभियंते एक आलेख काढतात. यंत्र नवे असताना बिघाड जास्त होतात, मग बराच काळ ते कमी राहतात आणि झीज वाढू लागली की पुन्हा चढत जातात. दोन्ही कडा उंच आणि मध्ये सपाट, म्हणून त्याला बाथटब कर्व्ह म्हणतात. माझ्याआधीच्या मालकांनी सपाट तळाशी निवांत आंघोळी उरकल्या. मी टबात पाय ठेवला तो पलीकडच्या कडेवर.

हे सर्व मी गृहस्थांना सांगितले नाही. "त्यांना मोठी गाडी घ्यायची होती," एवढेच म्हणालो.

"असं होय," ते म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत त्यांनी माझ्या व्यवहारज्ञानाचा पंचनामा पूर्ण केला. "बॉनेट उघडा."

मी बॉनेट उघडले, कारण तोवर ते छत्रीने बॉनेटवर टकटक करू लागले होते. मग छत्रीचे टोक इंजिनाच्या एकेका भागावर ठेवीत त्यांनी मला प्रश्न विचारले.

"हे काय?"

"एअर फिल्टरचा डबा."

"हे?"

"कूलंटची टाकी."

"आणि हे?"

"ती बॅटरी."

"बघा!" ते म्हणाले.

आता मात्र माझा धीर सुटला. अशा प्रसंगांसाठी गाडीत एक छोटा मीटर ठेवलेला असतो. तो काढून मी बॅटरीला लावला आणि आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इतक्या वेळा स्टार्टर फिरवूनही माझी १२.५ दाखवते आहे, म्हणजेच तिची प्रकृती उत्तम आहे, असे मी त्यांना शक्य तितक्या थंड आवाजात समजावून सांगितले.

"म्हणजे कमीच आहे की," ते म्हणाले.

यावर मनुष्य काय बोलणार? मी मीटर मिटवला. त्यांनी विषय बदलला आणि हँडल कोठे ठेवले आहे, अशी चौकशी केली. गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून ते गरगर फिरवीत इंजिन सुरू करण्याची रीत त्यांनी लहानपणी पाहिली होती आणि ती बंद झाल्याची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत नेहमीचा भाग म्हणून आला. त्यापूर्वी हँडल उलटे फिरून मनगटे मोडत असत. पुढे कित्येक दशके गाड्यांना स्टार्टरही असे आणि अडीअडचणीला हँडलही असे. मग कोणा विद्वानाने स्टार्टर आता भरवशाचा झाला असे ठरवले आणि हँडलचे भोक बुजवून टाकले. हा विचार मनात आला आणि मी चमकलो, कारण मी त्या गृहस्थांच्या बाजूने विचार करू लागलो होतो.

"हँडल नसतं आता," मी म्हणालो.

"मग धक्का!" असे म्हणून त्यांनी छत्री उंचावली, आणि कोठून कोण जाणे, माणसे जमली.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही. तिच्या गिअरबॉक्समधील तेलाला दाब देणारा पंप इंजिनावर फिरतो. इंजिनच बंद असले तर दाब नाही, दाब नाही म्हणून आतले क्लच धरत नाहीत, आणि चाके कितीही फिरली तरी ती फिरकी इंजिनापर्यंत पोहोचत नाही. हे मी जमलेल्यांना मोठ्याने सांगितले.

"ऑटोमॅटिक असली म्हणून काय झालं," गृहस्थ त्यांना म्हणाले, "चाकं तर चारच आहेत ना?"

हा युक्तिवाद सर्वांना पटला. गाडी निदान रस्त्याच्या कडेला जाईल, एवढ्याच हिशेबाने मी लिव्हर न्यूट्रलला टाकला आणि गप्प बसलो. गृहस्थांनी स्वतः धक्का मारला नाही. ते गाडीपुढे उलटे चालत छत्रीने दिशा दाखवीत होते. मागून "साहेब, गिअर टाका!", "चावी चालू ठेवा!", "आता सोडा!" अशा आज्ञा येत होत्या. गाडी कडेला लागली आणि सुरू झाली नाही, तेव्हा घामाघूम झालेल्या त्या भल्या लोकांनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती मी विसरू शकत नाही. त्यांनी त्यांचे काम चोख केले होते; कुचराई माझ्याकडून झाली होती. मी आभार मानले. कोणी ते घेतले नाहीत.

सर्व गेले. गृहस्थ राहिले. ते मडगार्डला टेकून उभे राहिले आणि त्यांनी मला त्यांच्या साडूंच्या गाडीची कथा सांगितली. ती कथा लांब होती, तिच्यात एक लग्न, एक घाट आणि एक रुसलेली मावशी होती, आणि शेवटी दोष बॅटरीचाच निघाला. तुमची स्वतःची गाडी कोणती, असे मी विचारले तेव्हा ते दचकले. "छे हो, मी कशाला घेऊ? कोण करणार ही कटकट?"

कथा चालू असताना इंजिन निवत होते, हे ध्यानात घ्यावे. ते निवले की गाडी सुरू होते हे मला ठाऊक होते. म्हणून कथा संपल्यावर मी आत बसलो आणि चावीला हात घातला. नेमक्या त्याच क्षणी गृहस्थांनी छत्रीची मूठ उलटी धरून बॉनेटखाली कोठेतरी दोन ठोके दिले. इंजिन सुरू झाले.

त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेशही नव्हता. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या एकाने टाळी वाजवली. "लूज होती," गृहस्थ त्याला म्हणाले. मी काच खाली करून तापमान, सेन्सर, तारेचे वेटोळे असे काहीतरी सांगू लागलो, पण त्यांनी तळहात दाखवून मला थांबवले. आभाराची आवश्यकता नाही, असा त्याचा अर्थ असावा. जाताना त्यांनी मागच्या काचेवरील धुळीत बोटाने आपला फोन नंबर लिहिला. "पुन्हा पडली तर," ते म्हणाले. 'पडली तर' म्हणताना त्यांनी 'तर' उगाचच लावला होता, हे दोघांनाही माहीत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात नेली. तेथे ती अर्थातच गुणी मुलीसारखी वागली. मेकॅनिकने स्कॅनर लावला. क्रँकच्या सेन्सरचा संकेत हरवला तर संगणकाने पी०३३५ हा कोड नोंदवून ठेवणे अपेक्षित असते. त्याने काहीही नोंदवले नव्हते. मेकॅनिकने गाडी फिरवून आणली आणि "एकदम टॉप आहे" असे प्रमाणपत्र दिले. या दुखण्यापायी आधी स्पार्क प्लग बदलून झाले होते, मग पेट्रोलचा पंप. प्रत्येक वेळी काढलेला जुना भाग धडधाकट निघाला आणि खोक्यात घालून मला सन्मानाने परत मिळाला. निदान चुकले तर ते चुकल्याचे पैसे रुग्णाने द्यावेत, हा नियम या व्यवसायात कोणी घातला आणि आपण सर्वांनी तो निमूटपणे का मान्य केला, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. भाग चुकीचा होता असे म्हटले की "पण आता नवा पडला ना, काळजी नाही" असे ऐकावे लागते. मला काळजी नकोच होती; मला चालणारी गाडी हवी होती.

"मग काल चालू कशी झाली?" मेकॅनिकने विचारले.

मी त्याला छत्रीची हकिकत रंगवून सांगितली. तो हसेल अशी माझी अपेक्षा होती. तो हसला नाही. "ठोका नेमका कुठे मारला?" त्याने गंभीरपणे विचारले. मी अंदाजाने जागा दाखवली. त्याने इंजिन चालू ठेवून ते चांगले तापू दिले, मग तेथील काळ्या डब्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली. इंजिन बंद पडले. त्याने चावी फिरवली. स्टार्टर फिरत राहिला, इंजिन गप्प. पुन्हा मूठ आपटली, सुरू झाले. डब्यातून त्याने संगणकाला वीज पुरवणारा मेन रिले काढला, त्याचे टोपण उचकटले आणि आतील डाखाच्या एका टिंबाभोवती पडलेली केसासारखी चीर मला दाखवली. तापले की ती फाकते, निवले की मिटते, आणि वीजच गेल्यावर संगणक कोड कोठे नोंदवणार?

"म्हणजे त्या साहेबांनी बरोबर धरलं होतं," तो म्हणाला.

"ते बॅटरी म्हणत होते!" माझा आवाज आवश्यकतेपेक्षा चढला असावा, कारण शेजारच्या गाडीखालून एक डोके बाहेर आले.

"बॅटरीला लागूनच आहे की डबा," मेकॅनिक म्हणाला. "वितभर अंतर. बाहेरून पाहणाऱ्या माणसाला अजून काय पाहिजे?"

क्रँकचा सेन्सरही जुना आहे, तोही तापल्यावर दगा देऊ शकतो, रिले सापडला म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही, असे मी सांगून पाहिले. मेकॅनिकने "बघू की, पुढच्या वेळी" असे म्हणून नवा रिले बसवला. मग त्या साहेबांचा नंबर आहे का, असे त्याने विचारले. असा माणूस ओळखीचा असलेला बरा, विशेषतः जुन्या गाड्यांसाठी, असे त्याचे म्हणणे पडले. मी नाही म्हणालो. पण तोवर पोऱ्या मागच्या काचेपाशी पोहोचला होता आणि नंबर मोठ्याने वाचून दाखवीत होता. मेकॅनिकने तो फोनमध्ये घेतला, पुन्हा एकदा वाचून ताडून पाहिला, आणि मग मला न विचारता गाडी धुवायला लावली. बिलात धुण्याचे पैसे वेगळे लावले होते.