ब्रेक ऑइल बदलणे आणि ब्रेक धुणे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकमधले जुने ऑइल काढून ब्रेक आतून कसा स्वच्छ करावा, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि कोणताही आडपडदा न ठेवता लिहिलेत, त्याबद्दल आधी आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते ही भीती कोकणात ठीक आहे, नागपूरच्या कोरड्या हवेत नाही. दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगणे म्हणजे कंपन्यांचा माल खपवणे आहे. मानेवाड्यातील आपले मेकॅनिक पंचवीस वर्षे कॅलिपर (चाकाजवळचा, पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पेट्रोलने धुऊन कंप्रेसरची हवा मारत आले आहेत आणि त्यांच्या हातची एकही गाडी परत आलेली नाही. शिवाय जिवाशी निगडित असलेले हे काम लोकांना घरच्या अंगणात करायला सांगणे बेजबाबदारपणाचे आहे, असेही आपण लिहिले आहे.

मी पेट्रोलपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बाबतींत आपला मतभेद राहिला तरी चालेल, इथे राहून चालणार नाही.

या घोटाळ्याचे मूळ आपल्या तोंडी बसलेल्या शब्दात आहे. आपण सगळेच, मीसुद्धा, ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो. पण ज्या बाटलीवर डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ लिहिलेले असते, तिच्यात तेल नसतेच. ते ग्लायकॉल इथर या वर्गातले रसायन असते आणि डॉट ४ मध्ये त्याच्या जोडीला बोरेट एस्टर असतात. तेल पाण्यावर तरंगते, हे पाण्यात विरघळते. पेट्रोलच्या टाकीवर सांडले तर ते रंग खाते, पण पाण्यात विरघळते म्हणूनच लगेच भरपूर पाणी ओतले तर रंग वाचतो. मास्टर सिलेंडर (लिव्हरजवळचा, ऑइलवर दाब देणारा भाग) आणि कॅलिपर यांच्यातली रबरे या रसायनाला धरून निवडलेली असतात. ईपीडीएम नावाचे हे रबर ग्लायकॉलमध्ये वर्षानुवर्षे टिकते. पण पेट्रोल, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लागले की ते फुगू लागते. ‘ऑइलच्या ब्रेकला पेट्रोल लागले तर काय बिघडते’ असे वाटते ते नावामुळे.

आता फुगल्याने होते काय ते पाहू. मास्टर सिलेंडरच्या टाकीच्या तळाशी दोन छिद्रे असतात, त्यांपैकी एक जवळजवळ सुईच्या टोकाएवढे असते. लिव्हर सोडल्यावर पिस्टनवरचे रबर मागे येते, हे बारीक छिद्र उघडे पडते आणि तापून प्रसरण पावलेले ऑइल त्यातून टाकीत परत जाते. रबर थोडे जरी फुगले तरी ते पूर्ण मागे आल्यावरही छिद्रावर बसून राहते आणि ऑइलची परतीची वाट बंद होते. मग पॅड डिस्कला किंचित घासत राहतात, त्या घासण्याने ऑइल तापते, तापलेले ऑइल फुगून पॅड आणखी दाबते, आणि चालकाने लिव्हरला बोटही न लावता ब्रेक आपोआप आवळत जातो.

हे मी पुस्तकी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी, ऐन नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), बुटीबोरीहून वर्धा रोडने परतताना माझी स्वतःची गाडी जड चालू लागली. आधी मला पुढच्या चाकात हवा कमी वाटली. पुढे लिव्हर दगडासारखी कडक झाली, तेव्हा मी एका कडुनिंबाखाली थांबलो. डिस्क निळसर पडली होती आणि चाक हाताने फिरत नव्हते. दहा-बारा दिवसांपूर्वी एका गॅरेजात, माझ्या डोळ्यांदेखत, मास्टर सिलेंडरचा पिस्टन रबरासकट पेट्रोलच्या डब्यात बुडवून ब्रशने घासला होता, आणि मीही ‘छान चमकला’ म्हणून मान डोलावली होती. ८ नंबरच्या पान्याने कॅलिपरचा निप्पल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरासा सैल करताच ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळे झाले.

या पिचकारीत निदान असते, म्हणून जरा थांबतो. निप्पल सैल केल्यावर चाक सुटले, तर दाब आत कोंडलेला होता असे समजावे. सुटले नाही, तर दोष कॅलिपरच्या पिस्टनमध्ये किंवा त्याच्या सरकत्या पिनांमध्ये आहे. दाबच कोंडलेला असेल, तर पुढच्या वेळी निप्पलऐवजी वर मास्टर सिलेंडरजवळचा होजचा (ऑइलच्या रबरी नळीचा) बोल्ट किंचित सैल करून पाहावा. तिथे सैल करून चाक सुटले तर गुन्हेगार मास्टर सिलेंडर. तिथे सुटले नाही आणि फक्त खालच्या निप्पलने सुटले तर होज आतून फुगून बंद झाला आहे. हे न करता थेट कॅलिपरचे किट (रबरांचा संच) बदलणारे बरेच आहेत, आणि त्यांची गाडी महिन्याभराने पुन्हा जाम होते.

आपल्या मेकॅनिकच्या अनुभवावर मी अविश्वास दाखवत नाही. ते सगळी रबरे आधी काढून फक्त धातूचा भाग पेट्रोलने धूत असतील, तो पूर्ण वाळू देत असतील आणि नवे किट टाकत असतील, तर काही बिघडणार नाही. रबर जागेवर ठेवूनच धूत असतील, तर ते फुगायला काही दिवस जातात, आणि तोवर गिऱ्हाईक रस्त्यात अडकून दुसऱ्याच गॅरेजात पोहोचलेले असते. गाडी परत आली नाही, याचा हाही एक अर्थ असू शकतो. रबरांना आणि आतल्या भागाला ताजे ब्रेक ऑइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढेच लावावे, हे माझे म्हणणे कायम आहे. कंप्रेसरच्या हवेबद्दलही तेच. गॅरेजच्या कंप्रेसरमधून हवेबरोबर तेलाचे बारीक तुषार आणि टाकीत साठलेले पाणीही येते, म्हणजे जे दोन पदार्थ ब्रेकमध्ये नकोत तेच आपण दाबाने आत घालतो.

आता कोरड्या हवेचा मुद्दा. इथे आपण अर्धे बरोबर आहात, आणि माझ्या लेखाचा तोल चुकला होता हे मान्य करतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा खरोखरच कोरडी असते आणि त्या काळात ऑइल फारसे पाणी ओढत नाही. पण जून ते सप्टेंबर याच शहरात नऊशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्या चार महिन्यांत गाडी नागपुरातच असते. शिवाय अर्ध्या नागपूरची गाडी उन्हाळ्यात पोर्चमध्ये नेमकी कूलरच्या शेजारी उभी असते, हेही विसरू नये. पाणी फक्त टाकीच्या झाकणातून जाते असेही नाही; रबरी होजच्या भिंतीतून ते अगदी हळूहळू झिरपते, झाकण कितीही घट्ट असले तरी.

त्या पाण्याने ऑइल उकळते आणि ब्रेक जातो, यावर मी लेखात भर दिला होता. आकडे खरे आहेत: ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि त्यात ३.७ टक्के पाणी गेल्यावर किमान १५५. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. उकळल्यावर होणारी वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही, म्हणून लिव्हर एकाएकी मुठीला टेकते. पण सदर ते सीताबर्डी या सपाट रस्त्यावर कॅलिपर इतका तापत नाही, बाहेर ४५ अंश असले तरी नाही. मागे माणूस आणि सामान घेऊन चिखलदऱ्याचा घाट उतरणाऱ्याला हा धोका आहे. जो फक्त ऑफिस ते घर जातो, त्याला मी नको तेवढी भीती घातली, ही आपली तक्रार रास्त आहे.

तरीही त्याने ऑइल बदलावे, कारण शहरातल्या गाडीला पाण्याचा त्रास वेगळ्या वाटेने होतो. पाणी शोषलेल्या ऑइलमधली गंजरोधक द्रव्ये जसजशी संपतात, तसतसा कॅलिपरमधल्या ज्या खाचेत पिस्टनचे चौकोनी रबर बसते, त्या खाचेत पांढरट, खडबडीत थर धरतो. हा थर रबराला मागून रेटतो. पिस्टन मागे खेचला जातो तो याच रबराच्या लवचिकतेने, त्यामुळे त्याला हलायला जागा उरली नाही की पॅड घासत राहतात, मायलेज कमी होते आणि एका बाजूचे पॅड लवकर संपते. आपण ‘ऑइलचा रंग सोनेरी असेल तर चिंता नको’ असे लिहिले आहे. पण रंग काळवंडतो तो मुख्यतः रबराच्या झिजेने आणि धातूच्या कणांनी, आणि पाणी स्वतः रंगहीन असते. ‘पाणी तळाशी बसते, निप्पल उघडून तेवढे काढले की झाले’ हेही डॉट ४ ला लागू नाही, कारण पाणी त्यात विरघळलेले असते. तळाशी पाणी साचते ते सिलिकॉनच्या डॉट ५ मध्ये. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावे इतकी सारखी आहेत की दुकानदारही गोंधळतात. आपल्या झाकणावर डॉट ४ असेल तर डॉट ५ कधीही ओतू नये.

दोन वर्षांची मुदत बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकेत असते आणि तिच्यात त्यांचा फायदा फार नाही. एका ब्रेकच्या पूर्ण धुण्याला दीडशे मिलिलिटर ऑइल पुरते. मला तर त्याहून मोठी गफलत दिसते ती गॅरेजच्या फळीवर महिनोन्‌महिने अर्ध्या भरलेल्या, झाकण सैल असलेल्या डब्यातून ऑइल घालण्यात. सीलबंद छोटी बाटली घ्यावी आणि उरलेले जपून ठेवू नये.

लेखातल्या कृतीत माझ्याकडून दोन चुका झाल्या होत्या: एक गोष्ट चक्क चुकीची लिहिली होती आणि दुसरी राहून गेली होती. मी ‘लिव्हर पूर्ण दाबून’ ऑइल ढकलायला सांगितले होते. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये रोजच्या वापरात रबर जिथपर्यंत जाते त्याच्या पुढचा भाग गंजलेला असू शकतो, आणि लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबली तर रबराची कड त्या गंजावर फाटते. त्यामुळे लिव्हरमागे मुठीवर एक बोट किंवा लाकडाची चकती ठेवूनच दाबावे. टाकीच्या तळाचा गाळ आधी सिरिंजने काढून टाकी पुसून घ्यावी आणि मगच नवे ऑइल भरून खाली ढकलावे, नाहीतर तो गाळ आपणच त्या बारीक छिद्रात नेऊन बसवतो, हे मात्र मी लिहिले होते आणि त्यावर ठाम आहे.

राहून गेलेली दुसरी गोष्ट एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस बंधनकारक आहे, म्हणजे हा लेख वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या गाडीत ते असणार. नेहमीच्या पद्धतीने ऑइल बदलताना एबीएसच्या पेटीतल्या मुख्य वाटेतून नवे ऑइल जाते, पण बंद झडपांच्या पलीकडे थोडे जुने राहतेच. ब्रेक नीट लागतो याची खात्री केल्यावर मोकळ्या मातीच्या मैदानात, कमी वेगात, एबीएस चार-पाच वेळा चालेल असा ब्रेक दाबावा आणि मग पुन्हा थोडे ऑइल काढावे. काम करताना टाकी रिकामी होऊन पेटीत हवा शिरली, तर घरी खटपट न करता गाडी सरळ सर्व्हिस सेंटरला द्यावी, कारण काही गाड्यांत ती हवा काढायला पेटीला संगणक जोडावा लागतो. ‘अंगणात करायचे काम नाही’ हा आपला आक्षेप या ठिकाणी मला पूर्ण मान्य आहे. एबीएस नसलेल्या गाडीत, ज्याला निप्पल उघडणे, लिव्हर सोडण्याआधी तो बंद करणे आणि टाकी रिकामी होऊ न देणे एवढे धीराने जमते, त्याने हे काम घरी करायला माझी हरकत नाही. कॅलिपरचा पिस्टन बाहेर काढण्याचे काम मात्र आपल्या मेकॅनिकसारख्या हाताला असावे. फक्त पेट्रोलचा डबा तेवढा बाजूला राहू द्या.

आपण शेवटी लिहिले आहे की आपल्या गाडीचे पुढचे चाक अलीकडे ढकलताना थोडे अडते आणि ते नव्या पॅडमुळे असावे. तसेही असेल. पॅड झिजत असताना कोणी टाकी वरपर्यंत भरून ठेवली असेल, तर नवे जाड पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर तेवढे ऑइल टाकीत मावत नाही, आणि नेमके असेच अडते. म्हणून आधी टाकीची पातळी पाहा. ती वरच्या खुणेच्या खाली असेल, तर गाडी मेन स्टँडवर घेऊन कोणाला तरी मागून वजन द्यायला सांगा, पुढचे चाक फिरवा, ब्रेक एकदा दाबून सोडा, आणि चाक तरीही अडले तर निप्पल पाव आटा सैल करून पाहा. काय झाले ते इथेच लिहा, म्हणजे पुढे कुठे बघायचे ते ठरवता येईल.