पुढं गाडी वळेल का, हे आधी सांगा की!

मागं कॅरव्हॅनचा ट्रेलर जोडून सातारा जिल्ह्यात ऐतिहासिक ठिकाणं बघायला निघालं, की दर वेळी डोकं फिरतं. 'ऐतिहासिक स्थळ' असा बाण दाखवणारी पाटी असते, पण पुढं मोठी गाडी वळवायला जागा आहे का, हे कुणी लिहायचं?

लिंब गावची बारामोटेची विहीर घ्या. शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 मध्ये वीरूबाई भोसलेंनी बांधून घेतली. काय देखणी वास्तू! पण हायवे सोडून गावाच्या रस्त्याला लागायचं आणि नेमकी समोरून उसानं गच्च भरलेली ट्रॉली यायची. आता मागं कोण घेणार? रिव्हर्समध्ये स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रेलर उजवीकडं वळतो, हे 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडणाऱ्याला कोण सांगणार? चाक गटाराच्या कडेवर, मागं दुचाक्यांचे हॉर्न, आणि वर 'एवढं धूड आणलंच कशाला?'

अहो, आधी कळलं असतं तर आणलं असतं का? ट्रेलर खाली सोडून नुसत्या गाडीनं आलो असतो! अजिंक्यताऱ्याच्या अरुंद चढाला तेच, शेजारच्या सांगली जिल्ह्यात दंडोबाच्या डोंगरालाही तेच. नकाशावर विचारावं तर तो सगळ्यांनाच मोटारीचा रस्ता दाखवतो.

कमानी उभारायला, त्यावर फ्लेक्स लावायला पैसे मिळतात. मग फाट्यावरच एक पाटी लावा ना: रस्ता किती रुंद, वळायला जागा कुठं, मोठी गाडी कुठं सोडायची. एवढंही जमत नाही?