रुबाब कुणाचा, माज कुणाचा

आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभातले एक छायाचित्र मध्यंतरी जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर आले आणि त्यावरून पेटलेला वाद अजून विझायचे नाव घेत नाही. छायाचित्रात दहावीतली एक मुलगी आहे: एका हातात वक्तृत्वाचा करंडक, दुसरा हात कमरेवर, मान ताठ, आणि शेजारच्या प्रमुख पाहुण्यांपुढे ती जराही वाकलेली नाही. एकाने लिहिले, ‘काय तोरा आहे!’ एकीने त्याला दुरुस्त केले, ‘तोरा नव्हे, रुबाब म्हण.’ तिसऱ्याने ‘माज’ हा शब्द काढला आणि भांडण खऱ्या अर्थाने सुरू झाले. मग मुलाखतीच्या तयारीचे वर्ग चालवणाऱ्या एका मित्राने निकाल दिला की हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत, आजच्या पिढीला त्यांतला फरक कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. ‘ॲटिट्यूड’ म्हणा आणि मोकळे व्हा. मला राग आला तो माजवाल्याचा नव्हे, या चौथ्याचा.

हे शब्द एका अर्थाचे नाहीत, हे सांगायला कोश उघडावा लागत नाही. ऐट नव्या कपड्यांतल्या पोराची असते आणि ती पाहून हसू येते. रुबाबाच्या पाठीशी काहीतरी लागते: हुद्दा, जमीन, वर्दी, गेलाबाजार मिशा तरी. फौजदाराला रुबाब असतो; त्याच्या हाताखालच्या शिपायाने तसेच चालून दाखवले तर ती ऐट ठरते. डौल बैलजोडीला असतो, शिडाच्या होडीला असतो, डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला असतो. म्हणजे ज्यांच्यापासून आपल्याला काही धोका नाही अशांनाच आपण तो उदार मनाने बहाल करतो. माज मात्र नेहमी त्याला येतो, जो आपल्या मते आपल्यापेक्षा खाली असायला हवा होता. पाटलाला माज आला आहे, असे गावात त्याच्या तोंडावर कोणी म्हणत नसे. या सगळ्यांत शरीर एकच गोष्ट करत असते, पाठ सरळ आणि नजर समोर; बदलतो तो पाहणाऱ्याचा निवाडा. ताठ मानेने जगा, असे आपण मुलांना शिकवतो आणि त्यांनी ते मनावर घेतले की त्यांना ताठा आला म्हणतो.

मी राहतो त्या जर्मनीत या बाबतीत बराच मोकळेपणा आहे. इथे ‘हाल्टुंग’ हा एक शब्द बसण्या-उभे राहण्याच्या ढबीलाही चालतो आणि माणसाच्या भूमिकेलाही, आणि तो उच्चारताना समोरच्याची पायरी विचारात घ्यावी लागत नाही. निदर्शनांच्या फलकांवर तो असतो आणि सुपरमार्केटमधल्या कोंबडीच्या पाकिटावरही असतो, ती कोणत्या प्रकारे पाळली गेली हे सांगण्यासाठी. माझी फिजिओथेरपिस्ट तो माझ्या मणक्यांसाठी वापरते. नवीन वर्षाच्या दुपारी टीव्हीवर गार्मिश-पार्टेनकिर्शेन या डोंगरातल्या गावच्या स्की-उड्यांची स्पर्धा लागते, तेव्हा अंतराबरोबर ‘हाल्टुंग्सनोटन’ही, म्हणजे ढबीचे गुणही, दिले जातात: पाच पंच, प्रत्येकाकडे वीस गुण, सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे वगळून बाकीच्या तिघांची बेरीज. अन्याय तिथेही झाला आहे. स्वीडनचा यान बोकलव्ह स्कीची टोके फाकवून उडी मारू लागला तेव्हा पंचांनी ते बेढब ठरवून त्याचे गुण कापले. पण तो इतका लांब जात होता की 1988-89 चा विश्वचषक त्यानेच जिंकला आणि पुढे सगळे त्याच्यासारखेच उडू लागले. निदान तिथे अंतर मोजायला मीटर होते. आमच्या वर्गमित्रांनी त्या मुलीचे भाषण किती लांब गेले हे विचारलेही नाही. (नाक वर करून चालणाऱ्यासाठी जर्मनमध्येही शेलका शब्द आहे, आणि या देशाने तरुणांना ताठ उभे करून पूर्वी काय करून घेतले ते जगाला ठाऊक आहे, पण ते आज माझ्या मुद्द्याला सोयीचे नाही.)

मित्र म्हणेल, मग ‘ॲटिट्यूड’ने काय घोडे मारले, तोही एकच शब्द. फरक असा की त्याने निवाडा पुसलेला नाही, फक्त झाकला आहे. त्याच्या वर्गात मुलांना ‘ॲटिट्यूड हवा’ असे शिकवले जाते, आणि घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी पगारवाढ मागितली की ‘त्यांना फार ॲटिट्यूड आहे’ असे ऐकू येते. पहिला रुबाब आहे, दुसरा माज. जुने शब्द निदान बोलणाऱ्याला उघडे पाडत असत.

आमच्या घरात आजी मला ‘पोक काढू नकोस’ म्हणायची आणि माझ्या उंच चुलतबहिणीला ‘छाती काढून चालू नकोस’ म्हणायची, एकाच ओसरीवर, एकाच संध्याकाळी. बहीण आजही खांदे पाडून चालते. अंगाला लावलेले हे वळण किती खोल असते, हे डॉ. आंबेडकरांना नेमके कळले होते. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची, जात ओळखू येईल अशी पद्धत टाकून द्यायला सांगितले. आणि कमरेवर हात ठेवण्याबद्दल ज्यांना आक्षेप आहे त्यांनी पंढरपूरला जाऊन यावे. तिथे दोन्ही हात कमरेवर आहेत आणि कोणी तोरा म्हणत नाही.

मी इथून मोठ्या थाटात हे लिहितो आहे, याची मला कल्पना आहे. प्रत्यक्षात इथल्या सरकारी कचेरीच्या खिडकीपुढे माझे खांदे आपोआप कानांकडे सरकतात. बैठकीत साहेब बोलू लागले की माझ्या हाताची घडी होते, कारण शाळेत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हेच ऐकत मोठा झालो. माझ्या लेखी ती अदब. वार्षिक मूल्यमापनात मात्र नोंद आली की मी चर्चेत बंदिस्त आणि नकारात्मक वाटतो. आता मी हात टेबलावर ठेवतो आणि ते कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटतात.

माझी मुलगी इथेच जन्मली आणि तिचे बहुतेक मराठी माझ्या तोंडून आलेले आहे. तिला ऐट माहीत आहे, डौल माहीत आहे, तळ्यावरच्या हंसांना ती दिमाखदार म्हणते. माज तिला माहीत नाही, कारण मी तो शब्द घरात येऊ दिलेला नाही. मग तू आणि मी सारखेच, असे मित्राने गटावर सुनावले. मला ते मान्य नाही. घरात काय बोलावे हे ठरवणे वेगळे आणि भाषेतले शब्द निरुपयोगी ठरवणे वेगळे. पण उन्हाळ्यात ती साताऱ्याला जाईल, खिशात हात घालून मोठ्यांपुढे उभी राहील, आणि कोणीतरी म्हणेलच, ‘पोरीला माज आलाय.’ मी चिडेन, हे नक्की. तरी माझ्या मनात असेही येते की पाहुण्याला कोणी माज आला म्हणत नाही; तसे म्हणायला माणूस आपल्यातला धरावा लागतो. मला तिथे अलीकडे सगळे रुबाबदारच म्हणतात.